कांडी बदलणारा हात

नमस्कार. विणकरांच्या या पूर्व भागातल्या लोकांना धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत नेणारी नाव, आणि त्यातली सुताची कांडी, हे मी सांगायला नको. निम्मं सभागृह त्या खटखटाटातच वाढलंय, मीही. आजचा विषय डेटा साठवणाऱ्या टेप लायब्ररीतलं मॅगझिन. टेप लायब्ररी म्हणजे टेपची कार्ट्रिज कप्प्यातून उचलून ती वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालणारं यंत्र, आणि मॅगझिन म्हणजे त्या कप्प्यांचा काढता-घालता येणारा ट्रे. पण सुरुवात मागापासूनच करतो.

माझे वडील मागावर होते. कांडीवरचं सूत संपलं की माग थांबवायचा, धोटा काढायचा, रिकामी कांडी उपसून भरलेली बसवायची. दिवसभर तेच. जेम्स नॉर्थ्रॉपला 1894 मध्ये अमेरिकेत ज्या मागाचं पेटंट मिळालं, त्यात भरलेल्या कांड्या एका गोल चक्रात लावून ठेवलेल्या असत. सूत संपत आलं की वरून ठोका पडे; नवी कांडी धोट्यात, जुनी खाली, माग चालूच. त्या चक्राला बॅटरी म्हणतात. टेप लायब्ररीचं मॅगझिन मला तिचंच भावंड वाटतं. माणसाची बोटं वाकडी बसलेली वस्तू सावरून घेतात, यंत्राचा हात नाही घेत.

आता ती रात्र. एका संस्थेचा बॅकअप माझ्याकडे होता. रात्री दोनला फोन आला, लायब्ररी अडकली. स्कूटर काढली, गेलो. ग्रिपर, म्हणजे यंत्राचा हात, कार्ट्रिज ओढतोय आणि ते कप्प्यातून हलत नाही. मॅगझिन बाहेर काढलं, बोट फिरवलं, तर बारकोडचं लेबल त्याची खोलगट जागा सोडून चिकटवलेलं आणि त्याची कड बाजूवर दुमडलेली. नखानं सोलली, कार्ट्रिज सुटलं. सकाळच्या बैठकीत मात्र सगळे ड्राइव्हवर घसरले. मॅगझिनचं नाव काढलं, तर म्हणाले, "तो तर प्लॅस्टिकचा ट्रे." ते मला आजही लागतं. एलटीओ-9 या प्रकारच्या एका टेप कार्ट्रिजमध्ये एक किलोमीटरहून लांब टेप आणि कॉम्प्रेशनशिवाय 18 टेराबाइट डेटा असतो. तो ड्राइव्हपर्यंत पोचवायचा म्हणजे आधी कप्प्यातून सुटायला हवा.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. भराभर सांगतो.

कार्ट्रिज 102 बाय 105.4 बाय 21.5 मिलिमीटर. कप्पा फार घट्ट केला तर दुमडलेली कडही अडवते. फार सैल केला तर कार्ट्रिज तिरकं बसतं आणि बारकोड वाचता येत नाही. म्हणून मोकळीक मोजकी ठेवायची आणि धरून ठेवायचं काम स्प्रिंगला द्यायचं. हादऱ्यानं कार्ट्रिज सरकू नये, पण ग्रिपरच्या ओढीला सुटावं, इतकाच तिचा जोर हवा. उलटं घातलं तर आत जाताच कामा नये, असा कप्प्याचा आकार हवा. आणि मॅगझिन हातात घेऊन जिना उतरताना एकही कार्ट्रिज निसटू नये. पडलं तर आतली टेपच्या टोकाची पिन जागची हलू शकते आणि मग ड्राइव्हला टेप धरताच येत नाही.

मॅगझिन टेबलावर ठेवलंय. नीट लेबलाचं एक आणि कड दुमडलेलं एक, दोन्ही कार्ट्रिज घालून, ओढून बघा.