पुन्हा पहिल्या धड्याला : जॉन मॅक्लॉफ्लिन यांची गिटार

मंडळी, नमस्कार. जॉन मॅक्लॉफ्लिन हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना ‘शक्ती’ या वादकसंचामुळे माहीत आहे. उस्ताद झाकीर हुसेन यांच्या शेजारी मांडी घालून बसलेला, डोळे मिटून गिटार वाजवणारा गोरा माणूस. त्यांनी पूर्व आणि पश्चिम एकत्र आणली, चार-पाच शैलींचं मिश्रण केलं, असं नेहमी सांगितलं जातं. मला हे फार वरवरचं वाटतं. हा माणूस प्रत्येक संगीताकडे शिकायला गेला. नाव झाल्यावरसुद्धा गेला. आणि जिथं गिटार कमी पडली तिथं त्यानं गिटार बदलून घेतली, पण त्या संगीताला आपल्या सोयीनं वाकवलं नाही. आज मला हेच सांगायचं आहे.

जन्म १९४२चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. आई व्हायोलिन वाजवायची. अकराव्या वर्षी हातात गिटार आली. लंडनमधली सुरुवातीची वर्षं मी भरभर सांगतो : ब्लूज, जॅझ, स्टुडिओत दुसऱ्यांच्या गाण्यांमागे वाजवणं, पोटापाण्यासाठी जे मिळेल ते. १९६९च्या जानेवारीत त्यांनी स्वतःचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित केला आणि लगेच ड्रमवादक टोनी विल्यम्सच्या बोलावण्यावरून ते न्यूयॉर्कला गेले. फेब्रुवारीत ते माइल्स डेव्हिसच्या स्टुडिओत होते. माइल्स म्हणजे त्या काळच्या जॅझमधलं सर्वांत मोठं नाव. तिथला एक प्रसंग मॅक्लॉफ्लिन यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. माइल्सनं त्यांना सांगितलं, गिटार वाजवता येत नसल्यासारखी वाजव. सत्तावीस वर्षांचा, बोटांत प्रचंड वेग असलेला वादक, आणि त्याला ही सूचना! त्यांनी वेग बाजूला ठेवला आणि एकेक स्वर शोधत वाजवायला सुरुवात केली. ‘इन अ सायलेंट वे’ या ध्वनिमुद्रणात ते आजही ऐकू येतं. त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेल्या पुढच्या अल्बममध्ये माइल्सनं एका रचनेला चक्क ‘जॉन मॅक्लॉफ्लिन’ असं नाव दिलं.

१९७१मध्ये त्यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभा केला. महाविष्णू हे नाव त्यांना त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलं होतं. पाच वादक : पनामात जन्मलेला ड्रमवादक बिली कॉबम, प्रागचा यान हॅमर, आयर्लंडचा रिक लेअर्ड, अमेरिकन व्हायोलिनवादक जेरी गुडमन आणि दोन दांड्यांची इलेक्ट्रिक गिटार घेतलेले स्वतः मॅक्लॉफ्लिन. आवाज रॉकचा, कानठळ्या बसतील असा. पण मात्रांचा हिशेब रॉकच्या सरळ चौकडीत बसणारा नव्हता. ‘बर्ड्स ऑफ फायर’ ही रचना अठरा मात्रांच्या आवर्तनात फिरते. तालाची सवय असलेल्या आपल्या कानांना सम शोधायचा मोह होतो आणि ती सापडेपर्यंत रचना पुढं निघून गेलेली असते. हजारो तरुण हे ऐकायला येत होते. १९७४मध्ये त्यांनी लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर अल्बम केला, निर्माता होता बीटल्सच्या अल्बमांचा निर्माता जॉर्ज मार्टिन. याहून वर जायला जागा कुठं होती?

आणि इथं हा माणूस खाली, सतरंजीवर येऊन बसला. त्याआधीच तो अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात डॉ. एस. रामनाथन यांच्याकडे वीणा शिकत होता. व्हायोलिनवादक एल. शंकर, तबल्यावर झाकीर हुसेन, घटम् वाजवणारे विनायकराम आणि मृदंगम् वाजवणारे राघवन, असा ‘शक्ती’चा संच जमला. अ‍ॅम्प्लिफायरच्या भिंती गेल्या, ड्रम गेले. रेकॉर्डच्या धंद्यातल्या लोकांना हा वेडेपणा वाटला. जुलै १९७५मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर झालेल्या मैफलीचं ध्वनिमुद्रण पुढच्या वर्षी बाहेर आलं.

आता मी जरा गिटारपाशीच थांबतो, कारण सगळं मर्म तिथं आहे. गिटारच्या पट्टीवर धातूचे पडदे असतात. तार दोन पडद्यांच्या मध्ये दाबली की बोट खालच्या लाकडाला टेकतं. स्वर चढवायचा तर तार बाजूला ओढावी लागते, आणि बोट लाकडावर घासत असल्यामुळं ती पकड लवकर संपते. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकणं, अर्ध्यावर तुटते; गमक, म्हणजे स्वराला दिलेला जोरकस हेलकावा, तर दूरच राहिलं. वीणेचे पडदे उंच असतात, तारेखाली मोकळी जागा असते, त्यामुळं एकाच पडद्यावरून तार खेचत अनेक स्वर काढता येतात. मॅक्लॉफ्लिन यांनी गिटारच्या पट्टीवर दोन पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट करून घेतलं. बोट लाकडाला लागेनासं झालं, तारेला खालून धरता यायला लागलं, मींड सुटी झाली. गिब्सन कंपनीतल्या अब्राहम वेक्टर या कारागिरानं त्यांच्यासाठी जी गिटार बनवली तिच्यात सहा तारांच्या खालून तिरक्या जाणाऱ्या आणखी सात तारा होत्या. रागाप्रमाणं स्वरात लावायच्या, आपल्या सतारीतल्या, आपोआप झंकारणाऱ्या तरफेच्या तारांसारख्या. नुसतं गिटारवर भारतीय वळणाच्या चार ओळी वाजवून टाळ्या घेणं त्यांना जमलं असतंच की! त्यांनी तो सोपा रस्ता घेतला नाही, आणि म्हणून मला ते मोठे वाटतात.

पुढची गोष्ट स्पेनची. पाको दे लुसिया हा फ्लामेंको या तिथल्या पारंपरिक संगीताचा थोर गिटारवादक बोटांनी वाजवणारा, मॅक्लॉफ्लिन बोटांत धरायच्या छोट्या चकतीनं, जिला गिटारवाले पिक म्हणतात, तिनं. अमेरिकन गिटारवादक अल दि मेओला तिसरा. ५ डिसेंबर १९८० रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमध्ये हे तिघं वाजवले, तो अल्बम जगभर ऐकला गेला. त्यातला वेगच सगळ्यांच्या लक्षात राहतो. मला मात्र एकजण वाजवत असताना उरलेले दोघं ज्या हळुवारपणे ठेका धरतात ते जास्त आवडतं. ऐकणारा वादक तिथं कळतो. याच दशकात त्यांनी गिटार आणि वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टोही लिहिला.

आपल्या घरचा एक धागा सांगायलाच हवा. १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये त्यांच्याबरोबर तालवाद्यं वाजवायला होता त्रिलोक गुर्टू, मुंबईचा, आपल्या शोभाताई गुर्टूंचा मुलगा. हा जमिनीलगत बसून ड्रम वाजवतो, तोंडानं बोल म्हणतो, आणि वाजती झांज पाण्याच्या बादलीत बुडवून तिचा स्वर वाकवतो. ठुमरीच्या घरात वाढलेला तबलजी आणि यॉर्कशरचा गिटारवादक, सोबत फक्त एक बास गिटार. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण जरूर मिळवा.

१९९७मध्ये ‘शक्ती’ पुन्हा उभी राहिली, आधी हरिप्रसाद चौरसियांबरोबर, मग मँडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकरामांचे चिरंजीव सेल्वगणेश आणि आपले शंकर महादेवन. डिसेंबर २०००मधल्या मुंबईच्या मैफलींचा अल्बमच निघाला. त्यात शिवकुमार शर्मांचं संतूरही आहे. साठी ओलांडल्यावर या माणसानं सेल्वगणेशबरोबर कोन्नकोल, म्हणजे तालाचे बोल तोंडानं म्हणण्याची कर्नाटक पद्धत, शिकवणारी चित्रफीत केली. आपण जे शिकलो ते पाश्चात्त्य मुलांना पायरी पायरीनं कळावं म्हणून. ‘शक्ती’च्या नव्या अल्बमला २०२४च्या फेब्रुवारीत ग्रॅमी मिळालं, तेव्हा ते ८२ वर्षांचे होते.

बोलणं पुरे, आता ऐकू या. आधी ‘बर्ड्स ऑफ फायर’ लावतो. मात्रा मोजायच्या असतील तर खुशाल मोजा. त्यानंतर ‘शक्ती’च्या पहिल्या अल्बममधली ‘लोटस फीट’ ही छोटी, संथ रचना. तिथं मात्र गिटारचा स्वर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर कसा सरकतो तेवढंच ऐका.