तीन सिलिंडर, तीन आकडे

(नागपुरात जुन्या गाड्या सांभाळणाऱ्या कुटुंबांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत येताना मी बाहेर लागलेल्या गाड्या पाहिल्या. चार तर मारुती 800 आहेत, एकीच्या मागच्या काचेवर अजून शाळेचं स्टिकर आहे. ही गाडी डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. म्हणजे सगळ्यांत शेवटची गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या वरची आहे. या वयाच्या गाडीने पिकअप सोडला, सकाळी पाच-सहा सेल्फ खाल्ले, की आपल्याला एकच वाक्य ऐकू येतं, ‘इंजिन गेलं, बोअर करावं लागते.’ सिलिंडर म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी; 800 ला असे तीन. बोअर करणं म्हणजे इंजिन खोलून झिजलेले सिलिंडर आतून घासायचे आणि नवे पिस्टन, त्यांच्याभोवतीच्या नव्या रिंगा घालायच्या.

हे वाक्य मीही ऐकलं आहे. आमची 800 रामटेकच्या गडावर चढताना पहिल्या गिअरमध्येही दम टाकायला लागली होती. उभी असताना थरथरायची, मिसिंग करायची, म्हणजे मधेच ठोका चुकवायची. ज्या गॅरेजमध्ये नेली तिथे बॉनेट उघडून आवाज ऐकला आणि निकाल दिला: रिंग-पिस्टन, बोअर, सगळं काम. मोजलं काहीच नाही. मी ITI मध्ये पोरांना मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवलेला माणूस. न मोजता इंजिन खोलायचं माझ्या मनाला पटेना. तान्ह्या पोळ्याची सुट्टी होती. अंगणात गाडी घेतली, मुलाला सीटवर बसवलं आणि कॉम्प्रेशन गेज लावलं.

गेज म्हणजे स्पार्क प्लगच्या जागी बसणारं दाबमापक. पिस्टन वर येताना हवा किती दाबतो ते त्यावर कळतं. टायरमध्ये हवा भरताना आपण ‘तीस पौंड’ म्हणतो, तेच माप. साधारण जुन्या पेट्रोल गाडीचं धडधाकट इंजिन 150 ते 180 पौंड दाखवतं. नेमका आकडा आपापल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे 310 मीटर उंच आहे, त्यामुळे इथली हवा मुंबईपेक्षा तीन-चार टक्के विरळ. तिथे 160 दाखवणारं इंजिन इथे 155 दाखवलं तर घाबरू नका. खरं पाहायचं ते सिलिंडरांच्या आकड्यांमधलं अंतर. सगळ्यांत वरच्या आणि सगळ्यांत खालच्या आकड्यात दहा-पंधरा टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर काहीतरी बिघडलेलं आहे.

आता मोजायचं कसं. इंजिन गरम हवं, म्हणून आधी गाडी थोडी फिरवून आणा. प्लग काढण्याआधी त्यांच्या खाचेतली धूळ हवेने किंवा ब्रशने साफ करा; आपल्याकडे उन्हाळ्यात ती बोटभर साचते आणि प्लग निघताच थेट सिलिंडरमध्ये पडते. मग तिन्ही प्लग काढा, एकच नाही, म्हणजे सेल्फवर ताण येत नाही. इग्निशन कॉइलची वायर सोडवा. इंजेक्शनची गाडी असेल तर फ्यूएल पंपाचा फ्यूजही काढा. हे टाळू नका; उघड्या भोकांतून पेट्रोलची वाफ निघत असते आणि एक ठिणगी पुरते. बॅटरी भरलेली असू द्या, नाहीतर सेल्फ मंद फिरेल आणि तिन्ही आकडे खोटे येतील. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायला घरातलं कुणीतरी बसवा. कार्ब्युरेटर असेल तर एकदाच दाबून तसाच धरायचा. पुन्हा पुन्हा दाबला तर पेट्रोल आत उडतं. चोकही उघडा ठेवा.

मग सेल्फ मारा, पाच-सहा ठोके, म्हणजे पिस्टन पाच-सहा वेळा वर येऊ द्या. इथे डोळा पहिल्या ठोक्यावर ठेवा. चांगला सिलिंडर पहिल्याच ठोक्याला मोठी उडी घेतो. रिंगा झिजलेल्या असतील तर काटा खालून सुरू होतो आणि ठोक्यागणिक थोडा थोडा चढतो. व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरच्या वरची झडप, गळत असेल तर काटा खालीच सुरू होऊन खालीच अडकतो. हे नुसतं शेवटचा आकडा लिहिणाऱ्याला कधी कळत नाही.

आमचे आकडे असे आले: पहिला, म्हणजे टायमिंग बेल्टच्या (व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करणारा दातेरी पट्टा) बाजूचा, 150. दुसरा 85. तिसरा 145. मुलगा म्हणाला, ‘बाबा, मधला तर मेला.’ मी म्हटलं, थांब.

दुसऱ्या सिलिंडरच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं. चमचाभरच, जास्त ओतलं तर तेलच जागा व्यापतं आणि आकडा उगाच फुगतो. तेल रिंगांच्या फटी काही क्षण बुजवतं. रिंग किंवा बोअर झिजलेला असेल तर दाब एकदम वर जातो. आमचा 85 चा 90 झाला. म्हणजे रिंगा ठीक होत्या, हवा वरून जात होती, व्हॉल्व्हमधून किंवा हेड गॅस्केटमधून, म्हणजे सिलिंडर आणि त्यांच्यावरचं झाकण (हेड) यांच्यामधल्या पॅकिंगमधून. गॅस्केट गेलं की बहुतेकदा शेजारचे दोन सिलिंडर एकत्र खाली येतात, किंवा रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसतात. तसं काही नव्हतं. तिन्ही आकडे सारखेच पडलेले असते तर मी टायमिंग बेल्टचा दात सरकला का ते आधी पाहिलं असतं.

इंजिनाच्या माथ्यावरचं टॅपेट कव्हर उघडलं. व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा दांडा यांच्यात थोडी फट लागते, तीच टॅपेटची फट. दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या फटीत फीलर गेजचं सगळ्यांत पातळ पातंही जाईना. फटच उरली नव्हती! तेव्हा मला आठवलं, आमच्या गाडीला सहा वर्षं एलपीजीचं किट होतं. गॅस कोरडा जळतो, आणि कठीण सीट (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कडी) नसलेल्या इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू सीटमध्ये रुततो. तो जेवढा रुततो तेवढी टॅपेटची फट कमी होते, आणि शेवटी व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांचा हा खेळ. इंजिन थंड झाल्यावर स्क्रू फिरवून फट मॅन्युअलप्रमाणे सोडली आणि पुन्हा मोजलं: 135. त्या दिवशी बोअर करायला आमचं इंजिन कुणी खोललं असतं तर बोअरमध्ये काहीच सापडलं नसतं.

प्रत्येक वेळी इतकं सोपं निघत नाही, हे मी खात्रीने सांगतो. फट बंद असूनही गाडी चालवत राहिलं तर व्हॉल्व्हची कड जळते आणि मग हेड उतरवावंच लागतं. मे महिन्यात 45 अंशांत पाणी संपलेल्या गाडीने वर्धा रोड गाठला असेल, तर अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकलेलं असू शकतं. तिथे फेसिंगशिवाय, म्हणजे हेड घासून सपाट केल्याशिवाय, नवं गॅस्केट टिकत नाही. आणि तेल टाकल्यावर 85 चा 130 झाला, सोबत निळा धूर आणि इंजिनाच्या ब्रीदर नळीतून फुसफुस असेल, तर बोअर करायला सांगणारा मेकॅनिक खरं बोलतो आहे. त्याचं ऐका. पण त्याच्यासमोर तुमचा कागद ठेवा, तेल टाकण्याआधीचे कोरडे आकडे आणि टाकल्यानंतरचे ओले आकडे, दोन्ही.

बाहेर निळी 800 उभी आहे, आत्ताच फिरवून आणली आहे, गरम आहे. प्लग पाना आणि गेज माझ्याकडे आहे. सीटवर बसून सेल्फ मारायला आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायला एक जण हवा आहे. ताई, तुम्ही येता का?