बर्ड आयलंडवरची चाळणी

[दृश्य: दक्षिण जॉर्जिया, दक्षिण अटलांटिकमधलं बेट. डिसेंबरातली सकाळ. गोट्यांचा किनारा, सीलची दाटी.]

दक्षिण जॉर्जियाच्या वायव्य टोकाला लागून बर्ड आयलंड हे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचं बेट आहे. डिसेंबरात इथल्या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. अंटार्क्टिक फर सीलच्या माद्या व्यालेल्या असतात आणि नर आपापली हद्द राखत गुरगुरत असतात. त्यांच्यामधून एकजण हातात लाकडी दांडा नि पिशव्या घेऊन वाट काढतोय. त्याला सीलची विष्ठा हवी आहे, आणि तीही ताजी.

सील जेवतो समुद्रात, पाण्याखाली, बहुतेकदा रात्री. तिथं बघायला कोण जाणार? त्याच्या पोटातून जे पचल्याशिवाय बाहेर पडतं, त्यावरून ताट ओळखायचं.

लवकर निघावं लागतं, कारण शीथबिल नावाचा पांढरा पक्षी याच विष्ठेवर जगतो आणि तो आपल्याआधी हजर असतो. वाळलेला किंवा सीलच्या पोटाखाली चिरडलेला नमुना सोडून द्यायचा. त्यात दोन जनावरांचं जेवण मिसळलेलं असू शकतं. एका नमुन्याला एक पिशवी. चिठ्ठीवर तारीख, जागा आणि ओळखू आलं असेल तर नर की मादी. दांडा मारायला नसतो, अंगावर येणारा नर थोपवायला असतो. सीलच्या दातांतून होणाऱ्या एका संसर्गात बोट टम्म सुजतं. त्यावर पेनिसिलिन चालत नाही, टेट्रासायक्लिन लागतं, म्हणून ते औषधपेटीत हवंच.

[दृश्य: प्रयोगशाळा. गुलाबी लगदा, एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्या.]

पाणी लागण्याआधी डीएनएचा वाटा बाजूला काढायचा. वाटाण्याएवढा तुकडा, तोही आतल्या भागातला, जमिनीला न टेकलेला. तो अल्कोहोलमध्ये बुडवून गोठणपेटीत टाकायचा. उरलेलं रात्रभर पाण्यात, थोडा भांड्यांचा साबण घालून. सकाळी चाळण्यांवर: वर एक मिलिमीटरची, खाली अर्ध्या मिलिमीटरची. नळाची धार बारीक ठेवायची, नाहीतर क्रिल या कोळंबीसारख्या जीवाची नाजूक कवचं फुटतात आणि मग मोजण्यासारखं काही राहत नाही.

रंगावरूनच अंदाज येतो. विष्ठा गुलाबी असेल तर सीलनं क्रिल खाल्लंय. क्रिल दिसायला आपल्या जवळ्यासारखं, पण जात वेगळी आणि आकार मोठा: पूर्ण वाढलेलं क्रिल सहा सेंटिमीटरपर्यंत जातं. चाळणीत त्याचे काळे डोळे आणि पाठीवरची कवचं उरतात. त्यातली फक्त अखंड कवचं सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. कवचाच्या लांबीवरून अख्ख्या क्रिलची लांबी निघते, पण नराचं आणि मादीचं प्रमाण वेगळं असतं. म्हणून आधी कवचाच्या ठेवणीवरून लिंग ठरवायचं, मग गणित. ही पायरी गाळली तर लांबी चुकते.

माशांची ओळख पटवतो ऑटोलिथ, म्हणजे माशाच्या कानातला चुन्याचा खडा. कोकणात ज्यानं घोळीचं किंवा ढोम्याचं डोकं चोखलंय त्याच्या दाताखाली हा पांढरा खडा कधीतरी आलेलाच असतो. इथे मात्र तो घोळीच्या खड्याएवढा नसतो. कंदीलमाशांचा ऑटोलिथ एक-दोन मिलिमीटरचा. अर्ध्या मिलिमीटरची चाळणी त्याच्यासाठीच. खड्याच्या आकारावरून माशाची जात कळते, लांबीवरून माशाची लांबी, आणि त्यावरून वजन. डावे आणि उजवे खडे वेगळे मोजायचे. ज्या बाजूचे जास्त, तितके मासे तरी नक्की होते.

पण पोटातलं आम्ल चुना खातं. झिजलेला खडा तसाच मोजला तर मासा लहान ठरतो. आणि वजन लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यानं चूक फुगते: खडा दहा टक्के कमी भरला, तर माशाचं वजन सुमारे सत्तावीस टक्के कमी निघतं. म्हणून प्रत्येक खड्याला झिजेची प्रत द्यायची आणि मोजायला कमीत कमी झिजलेलेच घ्यायचे.

म्हाकुलाची चोच वेगळ्या बाटलीत. चोच सुकली की वाकते, तडकते, म्हणून ती सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये. ऑटोलिथ मात्र कोरडा. दोन्ही एकाच फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकणाऱ्याला वर्षभरानं चोची मिळतात, पण खडे विरघळून गेलेले असतात.

[दृश्य: नकाशा. अंटार्क्टिक द्वीपकल्पाकडून दक्षिण जॉर्जियाकडे वाहणारा प्रवाह.]

एवढा खटाटोप क्रिलसाठी आहे. दक्षिण जॉर्जियाचं क्रिल बरंचसं दक्षिणेकडून प्रवाहाबरोबर येतं. चाळणीत नुसतीच मोठी कवचं दिसू लागली, तर नवी पिढी आलेली नाही हे कळतं. सील फुकटचं जाळं ओढून देतो. याच समुद्रात माणसाचीही जाळी आहेत. अंटार्क्टिक सागरी जीवसंपदेच्या आयोगानं, ज्याचा भारतही सदस्य आहे, अटलांटिक बाजूच्या क्रिल मासेमारीला वर्षाला 6,20,000 टनांची मर्यादा घातली. त्या चर्चेत सील किती आणि कुठलं क्रिल खातो, हा आकडा लागतो.

आता चाळणीची फसवणूक. दूध पाजणारी मादी कित्येक दिवस समुद्रात असते, पण विष्ठेत दिसतं ते परतीच्या वाटेवरचं, शेवटच्या एक-दोन दिवसांचं खाणं. दूर समुद्रात काय खाल्लं, ते तिथंच बाहेर पडलेलं असतं. दुसरं, दक्षिण जॉर्जियाचा आइसफिश स्वतः क्रिल खातो; सीलनं तो गिळला तर त्याच्या पोटातलं क्रिलही आपल्याच हिशेबात चढतं. डीएनएत हा घोळ आणखी वाढतो, कारण तिथं चिमूटभर अंशही सापडतो. शिवाय सीलचं स्वतःचं डीएनए ढिगानं असतं, ते दाबून टाकणारा प्राइमर, म्हणजे डीएनएचा मुद्दाम बनवलेला छोटा तुकडा, वापरावा लागतो. आणि पचलेलं डीएनए तुकडे झालेलं असल्यानं शंभर-एक अक्षरांचा आखूड पट्टाच वाचायला निवडतात.

[दृश्य: अंटार्क्टिकातली मॅकमर्डो साउंड खाडी. बर्फातलं भोक. वेडेल सील टूथफिश हा मोठा मासा तोंडात धरून वर आलेला.]

सर्वांत मोठी चूक मॅकमर्डो साउंडमध्ये झाली. वेडेल सीलच्या विष्ठेत सिल्व्हरफिश या लहान माशाचे खडे भरपूर, टूथफिशचे जवळपास नाहीत. पण बर्फातल्या भोकाशी उभ्या माणसांना सील मीटर-दीड मीटरचा टूथफिश घेऊन वर येताना दिसत होता. कारण साधं: एवढ्या माशाचं मांस सील खातो आणि डोकं टाकून देतो. खडा डोक्यात असतो. म्हणजे मासा जितका मोठा, तितका तो चाळणीला अदृश्य.

अशा ठिकाणी मिशी कामाला येते. मिशीचं केराटिन, म्हणजे केसा-नखांतलं प्रथिन, एकदा तयार झालं की बदलत नाही. फर सीलची मिशी वर्षानुवर्षं वाढत राहते. ती काही मिलिमीटरच्या तुकड्यांत कापून, चरबी धुऊन, सुमारे अर्धा मिलिग्रॅमचा नमुना कथिलाच्या पुडीत जाळतात आणि त्यातला नायट्रोजन तपासतात. अन्नसाखळीतल्या दर पायरीला जड नायट्रोजनचं प्रमाण हजारी तीन-चार अंशांनी चढतं. क्रिल खाणारा खाली, मासे खाणारा वर. पण मिशी पायरी सांगते, माशाचं नाव सांगत नाही. उपाशी सीलमध्येही हा आकडा चढू शकतो, हे विसरलेल्या माणसाला भूक म्हणजे मासळीची मेजवानी वाटते.

[दृश्य: पुन्हा प्रयोगशाळा. धुतलेली, रिकामी चाळणी.]

काही नमुन्यांत चाळणीवर काहीच उरत नाही, फक्त वाळू. तो नमुनाही वहीत उतरवायचा, ओळख पटली नाही असा शेरा मारून. तो गाळला, तर ज्यांच्या पोटात कडक काही नव्हतं ते सील हिशेबातून उठतात, आणि टूथफिशचं मांस खाऊन आलेला सील नेमका त्यांच्यातलाच असतो.