पाटीखालचा ढीग

नमस्कार श्रोतेहो.

पुण्यात मुठेच्या काठाने चालत गेलात, तर पाटी दिसतेच: ‘येथे कचरा टाकू नये. टाकल्यास दंड करण्यात येईल. हुकमावरून.’ आणि पाटीच्या पायाशी राडारोडा. फुटक्या विटा, फरशीचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या.

आमच्या गल्लीच्या टोकालाही अशीच पाटी होती. ढीग इतका वाढला, की ‘टाकू नये’ ही खालची ओळ त्यात बुडाली. वर उरलं फक्त ‘येथे कचरा’. ते वाचून मला फार वाईट वाटलं. कारण येणाऱ्याजाणाऱ्याला ती पाटी खरंच तेवढंच सांगत होती.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरात संशोधकांनी हे तपासलं. 2008 साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सायकली लावायच्या एका गल्लीत भिंतीवर रंगरंगोटीला मनाई करणारी पाटी होती. सायकलींच्या हँडलला त्यांनी जाहिरातीचे कागद अडकवले. भिंत स्वच्छ होती तेव्हा 33 टक्के लोकांनी कागद तिथेच टाकून दिला. भिंत रंगाने बरबटलेली होती तेव्हा 69 टक्के लोकांनी! पाटी दोन्ही वेळा तिथेच होती.

म्हणून आधी जागा साफ, मग पाटी. आणि ती वाचणार कोण, याचा विचार करा हो. राडारोड्याचा टेम्पो बहुधा अंधारात येतो. तेव्हा पाटी तो वळतो तिथे हवी, हेडलाइटच्या उजेडात चमकणारी, मराठीबरोबर हिंदीतही. राडारोडा न्यायचा कुठे आणि फोन कुणाला करायचा, हेही तिच्यावर हवं. भरलेला टेम्पो घेऊन आलेल्या माणसाला नुसतं ‘नको’ म्हणून भागत नाही.

जबाबदारी एकट्या टेम्पोवाल्याची नाहीच. केंद्राच्या 2016 च्या नियमांनी ती ज्याचं बांधकाम त्याच्यावर टाकली. घरची फरशी बदलताना ठेकेदार म्हणतो, “माल मी उचलतो.” आपण पैसे देतो. कुठे नेणार, हे विचारतच नाही. पुढच्या वेळी कृपा करून विचारा.

आमच्या टोकाचा ढीग महापालिकेच्या गाडीने नेला. झाडणाऱ्या ताईंनी तिथे रांगोळी काढली, आणि नव्या पाटीवरची एक ओळही त्यांनीच सुचवली: ‘ही जागा रोज सकाळी सातला झाडली जाते.’

अजूनही एखाद्या सोमवारी तिथे पिशवी सापडते. साडेसातच्या आत ती उचललेली असते.