बरणीतली वाइन आणि हजार लिटरची टाकी

मंडळी, वसई, गोराई, वांद्र्याकडच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळची वाइन घालायची पद्धत पिढ्यानपिढ्या आहे, आणि आता दादर-बोरिवलीची पोरंपण वाशी मार्केटमधून काळी द्राक्षं आणतात, साखर-यीस्ट घालतात, मग चार मित्र म्हणतात, अरे भारी झालीय, विकायला काढ! पण लायसन्सशिवाय एक बाटलीसुद्धा विकायची नाही, ओळखीतपण नाही. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि विनापरवाना बनवणंसुद्धा त्यात येतं.

मित्रांना आवडली ही छानच गोष्ट आहे, पण गिऱ्हाईक दुसरी बाटली घेतं ते पहिलीसारखीच लागेल म्हणून. तीच चव परत आणता येणं, माझ्या मते धंदा इथे सुरू होतो.

आता बघा, यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता तयार होते. पाच लिटरच्या बरणीत ती काचेतून निघून जाते, तुम्हाला कळतही नाही. तोच रस हजार लिटरच्या स्टीलच्या टाकीत घातला की मधल्या रसाची उष्णता बाहेर पडायला वाव नाही, तापमान चढत जातं, ३५ अंशांच्या वर गेलं की यीस्ट दमतं, मरायला लागतं, साखर तशीच उरते आणि त्या गोड रसावर बॅक्टेरिया ताव मारतात, म्हणजे अख्खी टाकी गेली. म्हणून टाकीला बाहेरून जॅकेट म्हणजे दुसरं पोकळ आवरण असतं, त्यात थंड ग्लायकॉल (न गोठणारं द्रव) फिरतं, रेड २४ ते २८ अंशांवर आणि व्हाइट १५ च्या आसपास ठेवतात. लाइट गेली तर जनरेटर हवाच. आणि हे नीट ऐका, एक लिटर रसातून पन्नास लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो, हवेपेक्षा जड, वास नाही, खाली साचतो. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत एकट्याने कधीही उतरू नका, माणसं गेलीत अशी.

द्राक्षंही वेगळी. खायच्या द्राक्षात गर भरपूर, साल पातळ. वाइनचं शिराज किंवा कॅबरने जातीचं द्राक्ष छोट्या मण्याचं, जाड सालीचं, बियांचं, रंग आणि टॅनिन (तुरटपणा देणारा घटक) तिथूनच येतं. तोडणी साधारण २२ ते २४ ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप), २४ म्हणजे अंदाजे १३ टक्के अल्कोहोल, वरून साखर घालायची गरजच नाही.

नाशिकला तोडणी जानेवारी ते मार्च, म्हणजे वर्षातून एकच चान्स. एक टन द्राक्षातून ६०० ते ७०० लिटर वाइन, म्हणजे आठ-नऊशे बाटल्या. द्राक्षाचे पैसे फेब्रुवारीत जातात, आणि रेड बॅरलमध्ये ठेवली तर विक्री वर्षभराने, तोवर भाडं, पगार, व्याज चालूच! त्यात वाइन जीएसटीच्या बाहेर, त्यामुळे बाटली-बुचावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत नाही, हे बरेच जण हिशोबात धरतच नाहीत.

म्हणून मुंबईत गाळा घेऊन टाक्या बसवायच्या भानगडीत सुरुवातीला पडूच नका, खरंच. नाशिक-दिंडोरीकडे किंवा विंचूरच्या वाइन पार्कात लायसन्सवाली वायनरी गाठा, तिच्याच टाकीत करार करून पहिला लॉट काढा, लेबल एक्साइजकडून, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून, मंजूर करून घ्या. आणि तोडणीला स्वतः जा, पहाटे थंड द्राक्षं क्रेटमध्ये येतात तेव्हा तिथे उभे राहा. वहीत रोज दोन वेळा ब्रिक्स आणि तापमान लिहा, आणि पीएच (आकडा कमी तेवढा रस आंबट) तर क्रशिंगच्या, म्हणजे द्राक्षं चिरडण्याच्या दिवशीच मोजा, कारण वाइन खराब होऊ नये म्हणून घालायचं सल्फाइट पीएच ३.३ ला जेवढं पुरतं त्याच्या जवळपास तिप्पट ३.८ ला लागतं.

वायनरीवाल्याशी दराचं नंतर बोला. आधी विचारा, टाक्या थंड ठेवणारा चिलर किती क्षमतेचा आहे, बंद पडला तर दुसरा आहे का, आणि ऐन हंगामात तुमच्या स्वतःच्या टाक्या भरलेल्या असताना माझ्या टाकीचं रात्रीचं रीडिंग कोण घेणार? नाव घेऊन माणूस सांगितला तर पुढे बोला, नुसतं 'होईल हो' म्हणाला तर दुसरी वायनरी बघा.