कल बघून

(दृश्य: जुन्या वर्तमानपत्राचं एक पान आणि दोन हात. फाडण्याचा आवाज.)

वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडलं, तर फाट फूटपट्टी लावल्यासारखी सरळ जाते. आता तेच पान आडवं फाडून बघा. फाट दोन बोटं नीट जाते, मग वाकडी होते, कडा दातरी निघते. कितीही जपून फाडा, सरळ येत नाही.

कारखान्यात कागदाचा पातळ लगदा धावत्या जाळीवर सोडतात. जाळी ज्या दिशेला पळते, त्या दिशेला लगद्यातले बहुतेक तंतू तोंड करतात. पाणी निथळतं, कागद वाळतो, पण तंतूंची ती दिशा कायम राहते. आम्ही तिला कागदाचा कल म्हणतो. कापडाला कल असतो, पुठ्ठ्याला असतो. घरच्या घरी काही करायचं, तर पैशाआधी हा कल बघावा लागतो. निम्मी फसलेली कामं तिथेच फसलेली असतात.

(दृश्य: जमिनीवर मांडलेला पसारा. जुने टी-शर्ट, एका बाजूने छापलेल्या कागदांचा गठ्ठा, बुटांचं रिकामं खोकं.)

या घरात आज दोन वस्तू व्हायच्या आहेत. दहा वर्षांच्या मुलीला मैत्रिणीसाठी वही करायची आहे. आणि आजोबांच्या पलंगाशी एक चटई हवी आहे, कारण सकाळी उठल्यावर त्यांचा पाय आधी गार फरशीवर पडतो. बाजारातून काहीही आणायचं नाही, एवढी एकच अट. ती मुलीनेच घातली आहे.

ही अट मला मोलाची वाटते. टाकाऊतून टिकाऊ म्हणत आपण चकचकीत कागद, रंगांचे फवारे, गोंदाची बंदूक विकत आणतो, आणि वस्तू बाजारातल्यापेक्षा महाग पडते. मग ती चार दिवस शोभेला राहते आणि पुन्हा टाकाऊच होते. एवढं करून काटकसर कुठे झाली?

आधी वही.

कागद एका बाजूने छापलेले आहेत. छापील बाजू लपवायची कशी? पूर्व आशियातल्या जुन्या पुस्तकांत याचं उत्तर सापडतं. तिथला कागद इतका पातळ असे, की एकाच बाजूला छापत. मग तो मधोमध दुमडायचा, कोरी बाजू आत आणि छापील बाजू बाहेर. घडी पानाच्या बाहेरच्या कडेला ठेवायची आणि सुट्या कडा शिवायच्या. आपण तेच उलटं करायचं, म्हणजे छापील बाजू आत आणि कोरी बाहेर. वही उघडली की फक्त कोरी पानं दिसतात.

ए-फोर कागद 210 बाय 297 मिलिमीटरचा. मधोमध दुमडला की 148 बाय 210, म्हणजे ए-फाइव्ह. आकार निम्मा झाला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. जर्मनीने 1922 साली हे प्रमाण ठरवलं आणि 1975 मध्ये ते आंतरराष्ट्रीय मानक झालं. आज या मुलीला त्याचा फायदा एवढाच, की काही कापावं लागत नाही आणि चिंधीभर कागद वाया जात नाही. पंचवीस कागद, पन्नास कोरी पानं.

(दृश्य: मुलगी चमच्याच्या पाठीने घडी दाबते आहे.)

घडी नखाने नाही, चमच्याच्या पाठीने दाबायची. ए-फोर कागदाचा कल बहुधा लांबीच्या बाजूने असतो, आणि आपली घडी त्याला आडवी जाते, म्हणून ती उघडू बघते. दाबलेली घडी रात्रभर वजनाखाली ठेवली की बसते.

मुखपृष्ठ बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं. इथे कलाशी तडजोड नको. पुठ्ठा दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून बघा. एका दिशेने तो मुकाट वळतो, दुसऱ्या दिशेने अडतो. ज्या घडीला तो राजी असतो, ती कलाला समांतर. तीच दिशा वहीच्या कण्याला, म्हणजे शिवणीच्या बाजूला, समांतर यायला हवी. कारण पुठ्ठ्यावर आपण खळीने कापड चिकटवणार आहोत. ओल लागली की तंतू जाडीत फुगतात, लांबीत फारसे नाही. कल चुकला तर वाळल्यावर मुखपृष्ठ कण्याशी ओढलं जातं आणि वही नीट मिटत नाही.

खळ म्हणजे एक वाटी मैदा आणि पाच वाट्या पाणी. आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडायच्या, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. साठ अंशांच्या आसपास पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगायला लागतात. दुधासारखं पांढरं पाणी हळूहळू काचेसारखं होतं आणि डाव जड चालायला लागतो. तेव्हा उतरवायचं. पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे. मुलांचे हात जिथे आहेत तिथे तो नको. ताजी खळ करावी, दोन दिवसांत संपवावी.

कडेपासून एक सेंटीमीटर आत चार भोकं. दाभण आई मारते, खाली जाड पुठ्ठा ठेवून. शिवण मुलगी घालते. दोरा कण्याच्या साधारण पाचपट घ्यायचा आणि प्रत्येक भोकातून जाताना कण्याभोवती एक वेढा. दोरा ओढून घट्ट करायचा, पण कागद कापला जाईल इतका नाही. हे माप सांगता येत नाही. तिसऱ्या भोकाशी ते तिच्या हाताला कळलेलं दिसतं.

(दृश्य: जुन्या सुती कापडाचा तुकडा पुठ्ठ्यावर पसरला जातो.)

कागदावर चिंधी चढते आहे, आणि खरं तर दोघांचं नातं जुनं आहे. चीनच्या दरबारात साई लुनने इसवी सन 105 मध्ये कागदाची कृती मांडली, तेव्हा तिच्यात झाडाची साल होती, भांगेच्या झाडाचे तंतू होते, मासेमारीची जुनी जाळी होती आणि चिंध्याही होत्या. पुढे युरोपातही शतकानुशतकं कागद चिंध्यांचाच होई. 1844 च्या सुमारास लाकूड दळून लगदा करण्याची युक्ती निघाली, आणि त्यानंतर चिंध्यांची गरज संपत गेली.

आता चटई.

मागावरच्या कापडात उभे आणि आडवे धागे असतात. ते कापलं की कडेला दशा निघतात. टी-शर्टचं कापड फासात फास अडकवून झालेलं असतं, त्याला दशा निघत नाहीत. म्हणून चटईला टी-शर्ट. काखेखालच्या भागाच्या, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत, चार सेंटीमीटर रुंद आडव्या पट्ट्या कापायच्या. पट्टी दोन्ही हातांनी ताणा. कडा आपोआप आत गुंडाळतात आणि हातात गोल, मऊ दोर येतो. उभी पट्टी कापली तर तो असा गुंडाळत नाही.

तीन दोरांची साधी तिपेडी वेणी, डोक्याला घालतो तीच. धाकट्या भावाला ती येते. दारच्या कडीला टोक बांधून तो तासभर वेणी घालत उभा आहे. त्याला कोणी सांगितलेलं नाही.

साठ सेंटीमीटर व्यासाची चटई, वेणी दोन सेंटीमीटर रुंद. म्हणजे सुमारे चौदा मीटर वेणी. त्यासाठी चार-पाच मोठे टी-शर्ट लागतात.

(दृश्य: टेबलावर सपाट ठेवलेला वेटोळा. सुई वेणीच्या पेडातून आरपार.)

माझी पहिली चटई मांडीवर घेऊन शिवली होती. आठ फेऱ्यांनंतर ती जमिनीवर ठेवली, तर कडा वर आलेल्या. चटईची परडी झाली होती. मी ती इस्त्री करून पाहिली, ओली करून वजनाखाली ठेवून पाहिली. काही उपयोग झाला नाही. सगळे टाके उसवले. चूक कुठे होती, ते पुढे एका साध्या हिशोबाने कळलं. वेणी दोन सेंटीमीटरची असेल, तर प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यापेक्षा साडेबारा सेंटीमीटरने मोठा व्हायला हवा. चटई बशीएवढी असो की खोलीएवढी, वाढ तेवढीच. मांडीवर शिवताना आपण नकळत वेणी ओढून घेतो. ते साडेबारा सेंटीमीटर तिला मिळत नाहीत आणि ती वर उठते. फार सैल सोडली तर उलट लाटा पडतात.

म्हणून चटई टेबलावरच शिवायची, उचलायची नाही. वेणी खेचायची नाही, ती जिथे जाऊन पडते तिथे टाका घालायचा.

(दृश्य: आई दोन फेऱ्यांवर तळहात फिरवून बघते, एक टाका उसवते.)

कापड कुठे झिजतं हेही बघायला हवं. 1 जून 1941 ला ब्रिटनमध्ये कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, ते 1949 पर्यंत चाललं. त्या वर्षांत घरोघरी चादरी उभ्या चिरत. चादर मधोमध विरते, कडेला नवीच असते. म्हणून मधून चिरायची, धड कडा एकमेकींना शिवायच्या, विरलेला भाग बाहेर न्यायचा. मध्ये एक शिवण येते, पण चादर आणखी काही वर्षं चालते. टी-शर्टचंही तसंच. गळा आणि काखा गेलेल्या असतात, पोटाकडचं कापड शाबूत असतं.

बरण्यांचे दिवे, डब्यांच्या कुंड्या यावर मी आज बोलत नाही. त्या सोप्या आहेत. फक्त पत्र्याच्या डब्याची कापलेली कड आत वळवून ठोकल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका.

(दृश्य: वेणीचं टोक.)

शेवटच्या वीतभर वेणीतले दोर कात्रीने निमुळते करायचे. वेणी बारीक होत होत आधीच्या फेऱ्याखाली शिरते आणि संपल्याची खूण राहत नाही. एक काम उरतं. गुळगुळीत फरशीवर कापडी चटई सरकते, आणि म्हाताऱ्या माणसाला ते परवडत नाही. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे धुऊन, खालच्या बाजूला कडेलगत शिवले जातात. रबरातून सुई जात नाही, तेव्हा पुन्हा दाभण येतं.

(दृश्य: सकाळ. पलंग. चटई.)

आजोबा बसतात. आधी एक पाय टेकवतात, मग अंगठ्याने कड दाबून बघतात.

"काय गं, हा निळा माझा सदरा का?"

"बाह्या फाटल्या होत्या आजोबा. पोटाचा भाग घेतला."

ते दुसरा पाय टेकवतात, गुडघ्यांवर हात ठेवून उठतात. चटई जागची हलत नाही.