पुली ठोकायची नाय, बसवायची

पलूस तालुका, सांगली जिल्हा. इथनं किर्लोस्करवाडी जवळच आहे. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना उभा केला, लोखंडी नांगर तयार व्हायला लागले, आणि ह्या भागात टर्नर, फिटर, मोल्डर अशी हाताला कला असलेली माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत गेली. आज आपण ज्यांच्या शेडमध्ये आलोय ते मिस्त्री त्यातलेच. सगळे त्यांना आण्णा म्हणतात.

शेडमध्ये उभा आहे तो ट्रॅक्टर चाळीसएक वर्षांचा. मालकाच्या वडलांनी घेतलेला, त्यामुळं विकायचा विषयच नाही. इंजिनच्या तोंडाकडनं ऑईल गळत होतं, म्हणून रेडिएटर, फॅन काढून क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरणाऱ्या दांड्याची, पुली ओढली, आतला ऑईल सील, म्हणजे ऑईल अडवणारी रबरी कडी, बदलला. इथपर्यंत सगळं नीट झालं, पण पुली परत बसेना. अर्धी गेली आणि अडकली.

मालक म्हणाले, "आण्णा, घण देऊ का?"

आण्णांनी हातानंच थांबवलं. "आरं, तू पुलीवर मारणार, पण मार बसणार कुठं ते बघ की."

आता हे समजून घेण्यासारखं आहे. क्रँक पुढंमागं सरकू नये म्हणून इंजिनात एका मेन बेअरिंगपाशी थ्रस्ट वॉशर असतात, पातळ, अर्ध्या चकतीसारखे. पुलीवर घण घातला की तो धक्का क्रँकमधनं सरळ त्या वॉशरवर जातो, म्हणजे दोन-अडीचशे रुपयाचा सील बदलायला गेलो आणि इंजिन खोलायची पाळी आली असं होतं. शिवाय पुली बिडाची, बीड दाबाला दणकट पण मार सोसत नाही, कड उडते नाहीतर बारीक चीर पडते आणि ती दिसते कधी, तर भर हंगामात पट्टा तुटल्यावर. ह्याच पुलीची एक कड उडालेली आहे. मागं कुणीतरी ठोकूनच बसवली असणार.

आण्णांनी पुली परत बाहेर ओढली आणि पहिल्यांदा बघितली ती चावी. क्रँकच्या खाचेत अर्धचंद्रासारखी छोटी चावी असते, तिच्यामुळं पुली क्रँकवर फिरत नाही. पुली पुढं ढकलताना ही चावी खाचेत डुलते, मागची बाजू वर उठते आणि पुलीच्या भोकात पाचरीसारखी रुतते. बाहेरनं बघणाऱ्याला वाटतं भोक टाईट आहे. भोक बरोबर असतं, चावी तिरकी असते, आणि जितकं ठोकाल तितकी ती जास्त रुतते. इथं तेच झालेलं, चावीच्या पाठीवर चकचकीत ओरखडा उठलेला दिसतोय बघा. आण्णांनी नवी चावी घेतली, कानशीनं तिच्या कडा मारल्या, क्रँकवरचा गंज बारीक पॉलिश पेपरनं काढला, पुलीचं भोक बोट फिरवून बघितलं. बोटाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांच्या बोटाकडं बघितलं की पटतं.

मग चुलीवर पातेलं. पाणी उकळायला लागल्यावर पुली आत सोडली, वीसेक मिनिटं. गॅसकटरची ज्योत का नाही मारली? कारण ज्योतीनं एक बाजू लाल होते, दुसरी थंड राहते, बीड वाकडं होऊ शकतं, आणि एवढी गरम पुली नव्या सीलचं रबर जाळून टाकते. पाण्याचं बरं असतं, ते शंभर डिग्रीच्या वर जातच नाही. साधारण 35 मिलिमीटरचं भोक एवढ्या उष्णतेनं वाढतं किती, तर मिलिमीटरच्या तीन शतांशाएवढं, मिस्त्री लोकांच्या भाषेत जेमतेम एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पण एवढ्यानंच काम होतं! फक्त एक लक्षात ठेवा, काही पुल्यांच्या आत रबराचा थर असतो, असली पुली तापवायची नाही.

आता घाई. पुली फडक्यानं पुसली, चामडी हातमोजे, सीलच्या ओठाला ऑईल, चावी सपाट आहे का ते शेवटचं एकदा बघितलं. क्रँकच्या तोंडात आण्णांनी मूळचा बोल्ट लावला नाही, कारण तो सुरुवातीला दोन-तीनच आटे पकडतो आणि तेवढ्यावर जोर दिला की आटे जातात. त्यांनी लांब स्टड, म्हणजे बिनडोक्याचा आटेवाला दांडा, पूर्ण आत घातला, त्यावर जाड वॉशर आणि नट. पाना फिरतोय, पुली सरकतेय, एकसारखी, कुठं थांबत नाही... आणि टच. खांद्याला टेकली.

मालक काहीच बोलले नाहीत, नुसता पुलीवरनं हात फिरवला. गरम होती तरी.

गार झाल्यावर स्टड काढून मूळचा बोल्ट आवळला. पट्टी लावून फॅनच्या पुलीशी रेष जुळवली, पट्टा चढवला, अंगठ्यानं दाबून अर्धा इंच ढील ठेवली. रेडिएटर बसवून इंजिन अर्धा तास चालवलं आणि रात्री खाली पुठ्ठा टाकून ठेवला.

सकाळी सहा वाजता मालकच आधी आले. वाकून पुठ्ठा बाहेर ओढला, उजेडात धरला, उलटा करून बघितला. कोरडा. "आण्णा, ट्रॉली जोडतो," म्हणाले आणि ट्रॅक्टर उसाच्या फडाकडं निघाला.